हॅदर्लीचे अकरा सामने

हेर्त्सोगेनआउराख
रविवार, ९ एप्रिल २००६

ती. भास्करमामा,

१. मंगळवार, ४ एप्रिल. ऑफिस सुटल्यावर सायकलने लिंडनरॉइटला गेले. अंतर साडेसात किलोमीटर. फुटबॉलचं मैदान गावाच्या टोकाला, अग्निशमन दलाच्या शेडमागे आहे.

२. तुमचे कॉलिन पास्क तिथे होते. वय ४१. उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही. मी भास्करची भाची, असं सांगितल्यावर त्यांनी माझा हात गरजेपेक्षा जास्त वेळ धरून हलवला.

३. ते दीड वर्षापासून गावच्या संघाचे प्रशिक्षक आहेत. दिवसा बुटांच्या गोदामात काम करतात. जर्मन येत नाही. पत्नी बिर्गिट याच गावची. ती दुभाष्याचं काम करायची, पण फेब्रुवारीपासून तिला हॉस्पिटलात संध्याकाळची पाळी आहे. तेव्हापासून पास्क हातवारे करतात.

४. संघ त्याच्या लीगमध्ये पहिला आहे. मे महिन्यात वरच्या लीगमध्ये जाण्याची शक्यता बरीच.

५. वरच्या लीगमध्ये प्रशिक्षकाकडे लायसन्स लागतं. पास्क यांच्याकडे नाही. फुटबॉल संघटनेचं, इथल्या भाषेत फेरबांडचं, तसं पत्र महिनाभर त्यांच्या कोटाच्या खिशात होतं. मी वाचून दाखवलं.

६. पत्रात दोन मार्ग दिले आहेत. पहिला: जर्मनमधला अभ्यासक्रम आणि लेखी परीक्षा. तो ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, म्हणजे येणारा मोसम गेला. दुसरा: परदेशातल्या व्यावसायिक लीगमध्ये किमान शंभर सामने मुख्य प्रशिक्षक असल्याचा पुरावा दिला तर अभ्यासक्रमातून सूट. मुदत ३० जून.

७. किती सामने होतात, असं मी विचारलं. ते म्हणाले, "भास्करला विचार. आकडे त्याच्याकडे असतात."

म्हणून विचारते. एक, पास्क तिकडे इंग्लंडात हॅदर्ली टाउन क्लबचे व्यवस्थापक, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, असताना लीगचे नेमके किती सामने झाले? दोन, त्याचा लेखी पुरावा काय आहे? तीन, त्या काळात त्यांच्याऐवजी दुसऱ्या कुणी संघ सांभाळला होता का, आणि किती सामने? हा तिसरा प्रश्न माझा नाही, फॉर्ममध्ये आहे.

फोनवर तुम्ही प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देता आणि मग मामी फोन घेते. म्हणून पत्र. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

ज्ञानदा


हॅदर्ली
१९ एप्रिल २००६

चि. ज्ञानू,

आशीर्वाद आहेतच, ते काही संपायचे नाहीत. तुझं पत्र मामीनं आधी वाचलं आणि म्हणाली, "पोरीनं पत्र लिहिलंय का पंचनामा?" मी म्हटलं, ताईची लेक आहे. ताई वाण्याच्या यादीवरसुद्धा तारीख टाकायची.

गुडघा वाकत नाही म्हणतेस. अगं, तो गुडघा म्हणजे आमच्या क्लबचा इतिहास आहे! मी त्र्याहत्तरात इथल्या मागांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आलो. शनिवारी दुपारी खोलीत बसून भिंतीकडे बघायचो. एकदा लांबून गलका ऐकू आला. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमीच्या टीमसाठी गळा फाडलेला माणूस मी. इंग्रजी कळायच्या आधी मला तो आवाज कळला. तेव्हापासून शनिवार तिथेच. पुढे क्लबवाल्यांनी माझ्या वह्या बघितल्या आणि आकडेवारीचं काम दिलं. बिनपगारी, पण चहा आणि पाय फुकट. पाय म्हणजे मटणाचा पाया नव्हे, इथला खाण्याचा पाय, मैद्याच्या पारीत खिमा भरून भाजलेला. मामी त्याला हात लावत नाही.

कॉलिन आमच्याकडे त्र्याऐंशीत आला, अठरा वर्षांचा. मिडफिल्डर. चार क्रमांकाचा शर्ट. ४१२ लीग सामने, १९ गोल. चौथ्या डिव्हिजनच्या वर कधी गेला नाही. मोठ्या क्लबची माणसं दोनदा त्याला बघायला आली आणि दोन्ही वेळेला हा गुडघा सुजलेला. एकदा तर ती माणसं मध्यंतरातच निघाली आणि त्यानं दुसऱ्या अर्धात जे काय केलं, ते बघायला आम्ही नऊशे माणसं आणि एक कुत्रं होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००१, सामने १०४. वहीतून उतरवून यादी जोडली आहे. २००१ च्या जानेवारी ते मार्चमधले अकरा सामने बघ. सात जिंकले, तीन बरोबरीत, एकच हरलो. गावातल्या पेपरात रोज फोटो. सगळ्या उभ्या आयुष्यात तशी टीम मी बघितली नाही. त्याची कात्रणंही पाठवतोय, ती त्या जर्मन लोकांना दाखव.

बिर्गिटला नमस्कार सांग. चांगली बाई आहे. तुझ्या लग्नाचं मी विचारत नाही, मामी विचारते आहे.

मामा


हेर्त्सोगेनआउराख
रविवार, ३० एप्रिल २००६

ती. मामा,

यादी मिळाली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. दुसऱ्याचं अर्धं. तिसऱ्याचं नाही.

फेरबांडला फोन केला. हातानं केलेली यादी चालत नाही. त्यांना प्रत्येक सामन्याआधी पंचाकडे दिलेला संघाचा कागद हवा, व्यवस्थापकाच्या सहीसह. तो क्लब दिवाळखोरीत बंद झाला, हे मला माहीत आहे. कागद कुठे असतील?

मी आता मंगळवारी आणि गुरुवारी सरावाला जाते, कारण दुसरं कुणी जात नाही. हे काम माझ्या कामासारखं नाही. प्रयोगशाळेत मी बुटाचा तळ एक लाख वेळा वाकवते आणि तो कितव्या वेळी फाटला ते लिहिते. इथे काहीच लिहीत नाहीत. पास्क सरावाचा आराखडा करत नाहीत. खेळाडू मात्र आराखडा मागतात.

गेल्या गुरुवारचं सांगते. मथियास म्हणून कप्तान आहे, सुतारकाम करतो. त्यानं मला विचारलं, "आल्झो, चेंडू आमच्याकडे असताना मी मधल्या माणसापासून किती मीटरवर राहू?"

मी पास्कना विचारलं. ते म्हणाले, "त्याला सांग, थंडी वाजायला लागली की जवळ ये."

"हे मला भाषांतरित करता येणार नाही."

"का?"

"यात एकक नाही."

ते हसले. मला हसण्यासारखं वाटलं नाही, कारण बावीस माणसं उभी होती. मग त्यांनी मला मैदानाच्या मध्यावर नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "तुझ्याकडे चेंडू आहे. आत्ता न बघता कुणाला देशील?" मी मथियासकडे बोट केलं. त्यांनी त्याला दहा पावलं मागे ढकललं. "आता?" मी दुसऱ्याकडे बोट केलं. "बघ," ते म्हणाले, "टेप लागली नाही."

मी मथियासला सांगितलं, की ज्याच्याकडे चेंडू आहे त्याला तुझी आठवण न बघता यायला पाहिजे, एवढ्या अंतरावर राहा. तो म्हणाला, "आख सो! मग हे आधी का नाही सांगत?" शनिवारी ते तीन-शून्यने जिंकले. याचा त्याच्याशी संबंध आहे की नाही, हे एका सामन्यावरून सांगता येत नाही.

एक गोष्ट नोंदवते. मी पास्कना तुमच्या त्या अकरा सामन्यांबद्दल विचारलं. ते मैदानावरचे शंकू गोळा करायला गेले. सराव संपायला अजून चाळीस मिनिटं होती.

हा माणूस ही एकच गोष्ट करू शकतो, मामा. गोदामात तो खोकी मोजताना चुकतो, असं बिर्गिट म्हणते. ३० जूनपर्यंत कागद मिळाले नाहीत तर क्लब दुसरा प्रशिक्षक घेणार. अध्यक्ष हेर (म्हणजे श्री.) त्साइटलर यांनी मला हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाठवा.

ज्ञानदा


हॅदर्ली
८ मे २००६

चि. ज्ञानू,

कागद कुठे असतील म्हणजे? माझ्या माळ्यावर! क्लब बुडला तेव्हा वसुलीवाल्यांनी खुर्च्या नेल्या, गोलच्या जाळ्या नेल्या, चहाची किटलीसुद्धा नेली. कागदांची खोकी कचऱ्याच्या गाडीत चालली होती. मी ती माझ्या गाडीत घातली. मामी पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही, कारण त्या खोक्यांबरोबर उंदीरही आले.

१०४ सामन्यांच्या कार्बन प्रती होत्या. सगळ्यांच्या झेरॉक्स काढून पाठवल्या आहेत. लायब्ररीतली बाई म्हणाली, "मिस्टर इंगवले, तुम्ही पुस्तक छापताय का?"

ते तुझं न बघता आठवण येण्याचं वाक्य मी मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीला कळतंय हो. फुटबॉल कळतोय की दुसरं काही, ते बोलली नाही.

कॉलिनला त्या अकरा सामन्यांबद्दल विचारत बसू नकोस. तो आपल्या तोंडानं कौतुक करणारा माणूस नाही, लाजतो. इथे काउन्सिलनं सत्कार ठेवला होता तेव्हाही आला नाही. त्याला त्रास देऊ नकोस. सगळं कागदावर आहे ना, मग झालं.

तुमच्या पोरांची नावं आणि कोण कुठे खेळतो, ते पाठव. उगाच, मला बघायला.

मामा


हेर्त्सोगेनआउराख
मंगळवार, १६ मे २००६

ती. मामा,

१०४ प्रती मिळाल्या. तारीख, प्रतिस्पर्धी आणि गोल तुमच्या यादीशी ताडून पाहिले. दोनदा मोजले. एकही फरक नाही. सोमवारी, १५ मे रोजी, अर्ज फेरबांडकडे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. सोबत मूळ इंग्रजीचा जर्मन अनुवाद आणि माझं प्रमाणपत्र: कागद मी तपासले आहेत, ते बरोबर आहेत. इथे असं प्रमाणपत्र तांत्रिक शिक्षण झालेल्या माणसानं दिलं तर त्याला वजन असतं.

तिसऱ्या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं. तुम्ही काही कळवलं नाहीत आणि प्रत्येक कागदावर पास्क यांचीच सही होती.

रविवारी लिंडनरॉइट जिंकलं आणि वरच्या लीगमध्ये गेलं. अग्निशमन दलाच्या गाडीचा भोंगा वाजवला. मथियासनं पास्कना उचललं आणि ते "क्नी, क्नी" (गुडघा, गुडघा) असं ओरडत होते. हा पहिला जर्मन शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला.

खेळाडूंची नावं आणि जागा मागच्या पानावर. पहिल्या संघाचे सोळा आहेत.

ज्ञानदा


हॅदर्ली
२८ मे २००६

चि. ज्ञानू,

शाब्बास! मी मामीला घेऊन बंद पडलेल्या मैदानावर जाऊन आलो. तिथे आता गाड्यांचं शोरूम आहे. मी त्या शोरूमच्या दारात उभा राहून पेढा खाल्ला. सेल्समनला वाटलं गिऱ्हाईक आलं. त्यालाही दिला.

तुझी सोळा नावं घेऊन दोन दिवस बसलो होतो. सोबत माझा संघ पाठवतोय, अगदी पंचाकडे द्यायच्या कागदासारखा आखून. हसू नकोस. कॉलिनला दाखव आणि म्हण, भास्कर अजून जिवंत आहे. मथियासला मी मध्ये नाही, थोडा मागे घेतलाय. तुझ्या पत्रांवरून मला वाटतं, त्या मुलाला समोर सगळं दिसलं की बरं वाटतं.

मामा


हेर्त्सोगेनआउराख
रविवार, ११ जून २००६

ती. मामा,

तुमचा संघ मिळाला. तो टेबलावर ठेवला होता. शेजारी अर्जाची माझी प्रत होती.

तुम्ही गोलकीपरचं नाव सगळ्यात खाली लिहिता. पास्क सगळ्यात वर लिहितात. हे मी इथल्या त्यांच्या कागदांवर दर आठवड्याला बघते. मी १०४ प्रती पुन्हा काढल्या. ९३ प्रतींत गोलकीपर वर आहे. अकरा प्रतींत खाली आहे. १३ जानेवारी २००१ ते १७ मार्च २००१. त्या अकरांत सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ आहे आणि सगळी अक्षरं ड्रॉइंगवर लिहितात तशी सुटी, उभी, सारख्या उंचीची आहेत. सही चांगली जमली आहे. बाकी सगळं तुमचं आहे.

मी तारखा तपासल्या, गोल तपासले. अक्षर तपासलं नाही. तुमचं अक्षर मी सहा वर्षांची असल्यापासून ओळखते, म्हणून मला ते दिसलंच नाही. ही माझी चूक.

शुक्रवारी पास्कना भेटले. विश्वचषक सुरू झाल्यामुळे गावात प्रत्येक गाडीवर झेंडा होता आणि सगळे टीव्हीसमोर. मैदानावर आम्ही दोघंच होतो. अकरा प्रती बाकावर ठेवल्या. ते म्हणाले, "हं. मला वाटलं होतं तू मेमध्येच ओळखशील."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला सगळं माहीत होतं. मी तिथे नव्हतो एवढंच."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या जानेवारीत एके सकाळी ते गाडीनं मैदानाच्या फाटकापर्यंत गेले आणि त्यांना उतरता येईना. काही दुखत नव्हतं. हात स्टिअरिंगवर आणि दार उघडता येत नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. नऊ आठवडे ते रोज सकाळी घरून निघायचे आणि कालव्याकाठी गाडीत बसून राहायचे. बिर्गिटलाही माहीत नव्हतं. तुम्ही त्यांना तिथे शोधून काढलंत. काचेवर टकटक केलीत, थर्मासमधला चहा दिलात आणि विचारलंत, शनिवारी कोण खेळणार? ते म्हणाले, मला माहीत नाही. तुम्ही म्हणालात, बरं.

क्लबच्या अध्यक्षाला तुम्ही सांगितलंत, की पास्क यांची पाठ धरली आहे आणि ते घरून फोनवर संघ ठरवतात. म्हातारा गोलकीपर सराव घ्यायचा. संघ तुम्ही निवडायचात.

"चौथा सामना जिंकल्याचं मी पेपरात वाचलं," पास्क म्हणाले. "पास्कच्या संघाचा सलग चौथा विजय. मी गाडीत बसून वाचत होतो."

हेर त्साइटलरनी त्यांना इथे घेतलं ते कशावरून, हेही मला शुक्रवारी कळलं. त्याच कात्रणांवरून.

९३ म्हणजे शंभर नव्हे. अर्जावर माझं प्रमाणपत्र आहे. तुम्ही मला तीनदा उत्तर देऊ शकला असतात. दोनदा मी विचारलं आणि एकदा तुम्ही 'सगळं कागदावर आहे' असं लिहिलंत.

ते अकरा कागद तुम्ही लिहिले आहेत का? हो किंवा नाही.

ज्ञानदा


हॅदर्ली
१७ जून २००६

चि. ज्ञानदा,

हो.

आता माझं ऐक. तालमीत वस्ताद आजारी पडला म्हणून फळ्यावरचं नाव पुसत नाहीत. पठ्ठे त्याच्या नावानं कुस्त्या धरतात आणि नारळ त्याच्या पायाशी आणून ठेवतात. माझ्या लहानपणी आमच्या वस्तादाला टायफॉइड झाला तेव्हा वर्षभर तालीम त्याच्या नावानं चालली आणि कुणाला त्यात खोटं वाटलं नाही. मी तेच केलं. कागदावर 'व्यवस्थापक' अशी जागा होती आणि आमचा व्यवस्थापक कॉलिन होता. तो फाटकाबाहेर होता म्हणून त्याचं नाव पुसू? त्या चेअरमननं कळल्या दिवशी त्याला काढलं असतं. मग तो कालव्याकाठी बसून नुसता बसला असता का, सांग बरं. त्या गाडीत मी त्याचा चेहरा बघितलाय. तू नाही बघितलास.

गोलकीपर खाली का, तर ड्रॉइंगमध्ये पाया खाली असतो. वर लिहिणारी माणसं मला कधी कळली नाहीत.

त्या अकरा शनिवारांबद्दल मी मामीशिवाय कुणाला बोललो नाही. खरं सांगतो, एक मंगळवारही होता त्यात. मी गर्दीत माझ्या नेहमीच्या खुर्चीवर, मांडीवर वही, आणि समोर पोरं मी कागदावर ठेवली तिथे उभी राहायची. मागचा माणूस म्हणायचा, "पास्कला डोकं आहे हं, भास्कर!" मी म्हणायचो, आहेच. तेहतीस वर्षं या देशात आहे, पण इतकं आपलं मला कधीच काही वाटलं नाही. ते मला परत नकोय, आणि माझ्या नावावर तर मुळीच नकोय. कॉलिनजवळ दाखवण्यासारखं तेवढंच आहे. गुडघा गेला, क्लब गेला, मैदानावर शोरूम आलं. तेही काढून घेणार?

अर्ज गेलाय. कुणी विचारलेलं नाही. फेरबांडवाल्यांना गोलकीपर वर का खाली ते कळणार नाही. सगळंच मोजायचं नसतं, ज्ञानू. गप्प बस, हे तुझा मामा पहिल्यांदाच सांगतोय.

मामा


हेर्त्सोगेनआउराख
रविवार, २५ जून २००६

ती. मामा,

तुमच्या पत्राचा मी पास्कना अनुवाद करून दाखवला. तुम्ही परवानगी दिली नव्हती. तरी दाखवला, कारण निर्णय त्यांचा होता आणि तुमच्या पत्रात तो तुम्ही घेऊन टाकला होता.

त्यांनी तो घडी घालून मला परत दिला. मग म्हणाले, "भास्करला वाटतं, ते अकरा सामने माझे आहेत असं मला रोज वाटतं. मला रोज आठवतं की ते माझे नाहीत. मी इथे काहीही जिंकलो, की वाटतं, हेसुद्धा कुणीतरी दुसऱ्यानं लिहून दिलं असेल."

त्यानंतर झालं ते असं. बुधवारी आम्ही दोघं हेर त्साइटलरकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते मुळीच चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "याला उपाय आहे. शेजारच्या गावात एक निवृत्त प्रशिक्षक आहेत, त्यांच्याकडे लायसन्स आहे. कागदावर त्यांचं नाव घालू. संघ पास्कच निवडतील. कुणाला कळणार आहे?"

मी हे भाषांतर करत होते. शेवटच्या वाक्यापर्यंत आले आणि थांबले. पास्क म्हणाले, "सांग पुढचं." मी सांगितलं. ते म्हणाले, "नको. मी एकदा त्या बाजूला होतो. त्या म्हाताऱ्याला शनिवारी घरी बसून माझे गोल त्याच्या नावानं पेपरात वाचायला लावू?" त्साइटलर म्हणाले, की मग मोसम हातचा गेला. पास्क म्हणाले, "या," म्हणजे हो. मी भाषांतर केलं नाही. ते जर्मनमध्येच म्हणाले होते.

शुक्रवारी, २३ जूनला, मी फेरबांडच्या ऑफिसात गेले. माझं प्रमाणपत्र मागे घेतलं आणि कारण लिहून दिलं. तिथल्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "गेनाऊ? नेमके अकरा?" मी म्हटलं, अकरा. त्या साहेबांना विचारून आल्या. त्यांचं म्हणणं असं: सूट मिळणार नाही. नवा मोसम पास्क यांना गावच्या दुसऱ्या संघाबरोबर, खालच्या लीगमध्ये काढावा लागेल. तिथे लायसन्स लागत नाही. ऑक्टोबरच्या अभ्यासक्रमाला त्यांना दुभाषा घेऊन बसता येईल, पण अर्जाची फाइल दुरुस्त झाली तरच. ज्यानं ते अकरा कागद खरोखर लिहिले, त्यानं तसं स्वतःच्या सहीनं कळवलं पाहिजे. नाहीतर फाइलवर 'खोटी कागदपत्रं' असा शेरा पडेल आणि मग लायसन्स कधीच नाही. दुरुस्तीची शेवटची तारीख सोमवार, १० जुलै. दुभाषा मी असेन. अभ्यासक्रम दहा शनिवारांचा आहे. मी रजा टाकली नाही, कारण शनिवारी मला रजा लागत नाही.

तुम्ही त्यांना नऊ आठवडे सांभाळलंत. ते मला मान्य आहे. ते मोजता येत नाही, हेही मान्य आहे. पण त्यानंतर पाच वर्षं तुम्ही त्यांना विचारलं नाहीत, की हे तुम्हाला हवं आहे का. मलाही विचारलं नाहीत. मी तुमच्यावर रागावले आहे आणि हा राग पुढच्या पत्रापर्यंत जाईल असं मला वाटत नाही. तसं झालं तर मी तसं कळवीन.

सोबत अकरा प्रती आहेत. प्रत्येकीवर 'व्यवस्थापक' या शब्दापुढची सही मी पांढऱ्या पट्टीनं झाकली आहे. तिथे तुमचं पूर्ण नाव लिहा, भास्कर दत्ताजी इंगवले, आणि खाली तुमची स्वतःची सही करा. फॉर्मवर एकच ओळ लिहायची आहे: संघ मी निवडला. पास्क यांनी तुम्हाला निरोप दिला आहे. तो मी शब्दशः देते: "त्याला सांग, चौथ्या सामन्यात डाव्या बाजूला त्यानं कुणाला घेतलं होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. का घेतलं, तेही लिही म्हणावं."

इंग्लंडहून पत्र यायला पाच दिवस लागतात. सह्या केलेल्या अकरा प्रती मला शनिवार, ८ जुलैपर्यंत मिळतील अशा बेतानं पाठवा. पाठवणार नसाल, तर तेही त्याच दिवसापर्यंत कळवा.

ज्ञानदा